पावसात लावलेला जोड

आबा,

तुमचा लहान रंधा माझ्याकडे आहे, हे आधी सांगते. विचारून घेतलेला नाही. आई गेल्यानंतर कार्ल्याच्या घराचे पत्रे बदलायचे होते म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा तो सापडला. पात्याला गंज चढला होता, पण लाकडावर तुमच्या अंगठ्याने पाडलेली खोबण अजून तशीच आहे. माझा अंगठा तिच्यात लहान पडतो. या रंध्याने मी या वर्षी एक गिटार केली. आयुष्यातली पहिली, आणि बहुतेक शेवटची. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षे झाली, आणि तरी गिटार हा शब्द तुमच्यासमोर लिहिताना मी आत्ता एकदा दाराकडे पाहिले.

गिटार दादासाठी केली. त्याला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती गोष्ट तिघांना माहीत होती, तुम्हाला, आईला आणि मला. आता मी एकटीच उरले. दादा एकोणसाठ वर्षांचा झाला. त्याच्या छातीचे दुखणे मागच्या वर्षी निघाले, म्हणजे मला वाटत होता तेवढा वेळ आता नाही. सरळ सांगायची हिंमत झाली नाही म्हणून मी लाकूड हातात घेतले. आधी वस्तू द्यायची, मग तिच्या आडोशाने बोलायचे, असा माझा विचार होता.

तुमच्याबरोबर मी फळी धरायची. माझे सुतारकाम तेवढेच. तुम्ही रंधा मारायचात आणि मी दुसऱ्या टोकाला दोन्ही हातांनी फळी दाबून उभी. "हलू नगंस," एवढेच तुम्ही म्हणायचात. लोणावळ्याच्या बंगल्यांची दारे, खिडक्या, कपाटे तुमच्याकडे असायची, आणि आषाढ लागला की बंगल्यांतून निरोप यायचे, दार बसत नाही, सुताराला पाठवा. मला त्यातली एक बाई आठवते. व्हरांड्यात छत्री उघडी धरून उभी होती आणि म्हणत होती, "अहो, थोडंसं तासून द्या ना, पाच मिनिटांचं काम." तुम्ही दार दोनदा उघडून लावून पाहिलेत आणि म्हणालात, "बाई, आत्ता तासलं तर दिवाळीला फटीतनं मांजर आत येईल." ती चिडली. तुम्ही हत्यारांची पिशवी उचललीत. परत येताना सायकलच्या दांडीवर मी पुढे बसलेली, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि तुम्ही मागून सांगताय, "लाकूड आत्ता फुगलंय. फुगलेल्या मापावर काम करायचं न्हाई. जोड तर लावायचाच न्हाई." पावसाचे तीन महिने तुम्ही नुसते लाकूड चिरून, थप्प्या लावून ठेवायचात. शेजारचे म्हणायचे, सुतार पावसाळाभर झोपा काढतो. आईसुद्धा कधी कधी म्हणायची.

माझा दहावीचा निकाल लागला ते दिवस आठवतात का तुम्हाला? मास्तर घरी आले होते, पोरीला पुढे शिकवा म्हणून सांगून गेले. तुम्ही त्यांना चहा दिलात, फाट्यापर्यंत सोडून आलात, आणि जेवताना म्हणालात, "एकाचं चाललंय तेवढं पुरं हुंदे. त्याचं आयटीआय झालं की मग हिचं बघू."

आई म्हणाली, "मग म्हंजे कवा? लगीन झाल्यावर?"

"आता तो रोज एवढा उन्हातान्हाचा जातोय. त्याला मधीच सोडू व्हय?"

दादा मान खाली घालून भाकरी मोडत होता. मी त्याच्याकडे पाहत होते. तो दोन महिन्यांत एकदाही आयटीआयला गेला नव्हता, हे मला ठाऊक होते. माझ्या वर्गातल्या मुलीचा भाऊ त्याच्याच वर्गात होता. दादा सकाळी सायकल काढायचा आणि लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये जायचा. तिथे निवृत्त झालेले एक इंजिन ड्रायव्हर राहत, ते त्याला गिटार शिकवत. त्यांच्याचकडून जुनी गिटार घेऊन त्याने आपल्या माळ्यावर तुसाच्या पोत्यांमागे ठेवली होती. आईला माहीत होते. तिनेच जुन्या लुगड्याची खोळ शिवून दिली होती. मला कुणी सांगितले नव्हते. मी शिवताना पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही एका दाराच्या फळीवर रंधा मारत होता आणि मी धरून उभी होते. मीच म्हणाले, "दादा आयटीआयला जात न्हाई." तुम्ही थांबला नाहीत. रंधा पुढे गेला, मागे आला. "मग कुटं जातो?" तुम्ही विचारलेत. तेवढ्याचेच उत्तर देऊन मी गप्प बसायला हवे होते. लोणावळ्याला जातो, एवढे पुरले असते. पण तुम्ही न विचारलेलेही मी सांगितले. गिटार सांगितली, पोत्यांची जागा सांगितली, तो शनिवारी एका हॉटेलात पाहुण्यांसमोर वाजवतो आणि लोक त्याला बक्षीस टाकतात, हेही सांगितले. बक्षीस टाकतात म्हटल्यावर तुम्हाला सर्वांत जास्त लागेल, हे मला कळत होते. पंधरा वर्षांच्या मुलीला एवढे कळते. तुम्ही ती फळी शेवटपर्यंत साफ केलीत. मग म्हणालात, "सोड आता."

एक शब्दही खोटा नव्हता. इतकी वर्षे मी स्वतःला हेच सांगत आले.

त्या संध्याकाळी तुम्ही अंघोळ करून पडवीत बसला आहात. पुढे गिटार, शेजारी पातेल्यात कढत पाणी, हातात आईची भाजीची पातळ सुरी. आई दारात उभी राहून म्हणते, "अहो, पोराची वस्तू हाये." तुम्ही वर न बघता म्हणता, "फोडणार न्हाई. दुसऱ्याच्या हातचं काम हाये, त्ये फोडायचं नसतंय." आणि तुम्ही फडके पाण्यात पिळून जोडावर धरता, सुरी फटीत घालता, पुन्हा फडके, पुन्हा सुरी. सरस मऊ होतो, त्याचा वास पडवीभर. आधी मागची फळी निघते, मग पुढची, मग आतल्या काड्या एकेक. तुम्ही प्रत्येक तुकडा पुसून वर्तमानपत्रावर ठेवता. मी आत चुलीजवळ ताटात तांदूळ निवडत बसले आहे, आणि तेच तेच तांदूळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला सारते आहे.

दादा आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. त्याने सायकल भिंतीला लावली आणि वर्तमानपत्राकडे बघत उभा राहिला. फोडली असती तर तो ओरडला असता, भांडला असता, तुम्हीही ओरडला असता आणि दोन दिवसांत मिटले असते, असे मला वाटते. पण भांडायला तिथे काही मोडलेले नव्हते. तो आईकडे वळला.

"तूच सांगितलंस. तुझ्याबिगर कुणाला म्हाईत व्हतं?"

आईने माझ्याकडे पाहिले. पापणी लवावी एवढाच वेळ. मग ती दादाला म्हणाली, "हातपाय धू. भाकरी खाऊन घे."

तुम्ही सुरी पुसत होता. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत. तुम्ही बोलाल म्हणून मी वाट पाहत होते, आणि तुम्ही बोलू नये म्हणूनही. तुम्ही गप्प राहिलात. मला वाचवायला गप्प राहिलात की रागात तुमच्या ते ध्यानातच आले नाही, हे मी तुम्हाला कधी विचारू शकले नाही. आठव्या दिवशी दादा वापीला गेला, मित्राच्या ओळखीने एका छापखान्यात लागला आणि तिथलाच झाला. त्याच जूनमध्ये माझी अकरावीची पुस्तके आली. तुम्ही ती स्वतः आणलीत, पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "आता नीट शीक." आज मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, दोन वर्षांनी निवृत्त होईन, आणि ही सगळी नोकरी, हे घर, माझी अक्षरेसुद्धा त्या वर्तमानपत्रावरच्या तुकड्यांपासून सुरू होतात.

दादा येत राहिला. लग्नाकार्याला, तुमच्या दहाव्याला. आईशी भांडला कधीच नाही. फक्त तिच्याशी बोलायचा नाही. ती समोरच्या खाटेवर बसलेली असायची आणि तो मला म्हणायचा, "आईला विचार, चहा घेणार का." मी विचारायची. आई म्हणायची, "घेईन की." मी त्याला सांगायची, घेईन म्हणते. अशी जवळजवळ चाळीस वर्षे. आई शेवटी माझ्याकडे लोणावळ्यालाच होती. अंथरुणाला खिळल्यावर एक दिवस तिचे केस विंचरताना मी म्हणाले, "आई, दादाला खरं सांगू का?" तिला काय ते विचारावे लागले नाही. म्हणाली, "आता सांगून काय करतीस? त्याला रागवायला एक मानूस लागतंय. मी हाये की." मग थोड्या वेळाने, "फणी हळू वढ." मी हळू ओढली. सांगितले नाही. तीही गेली.

माळ्यावर तुमच्या रंध्याशेजारी ते गाठोडे होते. आईने शिवलेली खोळ आणि तिच्यात सगळे तुकडे. पुढच्या फळीची उंदरांनी चाळण केली होती, कडेच्या पट्ट्यांना वाळवी लागली होती. पण प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने आकडा होता, तुमच्या हातचा. आणि प्रत्येक जोडावर, दोन्ही तुकड्यांवरून जाणारी ती तिरकी रेघ. मी माळ्यावर बसूनच राहिले, आबा. बंगल्याचे दार दुरुस्तीला सोडवताना तुम्ही ही रेघ ओढायचात, म्हणजे परत बसवताना रेघेला रेघ जुळली की जोड बरोबर. जे परत बसवायचे नसे त्यावर तुम्ही कधी रेघ ओढली नाही. मोडीत काढलेल्या खिडक्या मी शेकड्यांनी पाहिल्या, एकीवरही नव्हती. रेघ जोड सुटण्याआधी ओढावी लागते. म्हणजे त्या संध्याकाळी पातेले ठेवलेत तेव्हाच तुमच्या मनात ती परत जुळवायची होती. दादाने मागायची तुम्ही वाट पाहत होता. तो तुम्ही बोलवायची वाट पाहत होता.

तेव्हाच ठरवले की गिटार करायची. तुकडे परत जोडण्याच्या लायकीचे नव्हते, पण माप घ्यायला उत्तम होते. तुम्ही इतकी स्वच्छ सोडवली होतीत की नकाशाच मिळाला. मी एकेक तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून कड गिरवली. बाकीचे मोबाईलवर पाहून शिकले. पुढच्या फळीला तळेगावच्या भंगारवाल्याकडून मशीनच्या खोक्याचे पांढरे, सरळ रेषांचे लाकूड आणले. मागे आणि कडेला शिवणीच्या झाडाचे लाकूड, दांड्याला एका जुन्या बंगल्याच्या चौकटीचा सागवान. ह्यांनी सगळे स्कूटरवरून आणून दिले आणि वर विचारले, "घरात भांडी कमी पडतात का आदळायला?" मे महिनाभर मी मागच्या व्हरांड्यात फळ्या पातळ करत होते. दाराच्या फळ्या धरून वाढलेला माझा हात, त्याला तीन मिलिमीटर म्हणजे लाकूड वायाच गेले असे वाटते. शाळेतला व्हर्नियर आणून मोजायची, आणि दर वेळी वाटायचे की आता बस, आता मोडेल. अजून पातळ करायला हवी होती, हे नंतर कळले. कडेच्या पट्ट्या ओल्या करून तापल्या पाइपावर वाकवताना पहिल्या दोन मोडल्या. तिसरी वाकली तेव्हा मी एकटीच हसले.

जून उजाडला, शाळा सुरू झाली, पाऊस लागला, आणि माझ्याकडे नुसते तुकडे होते. दादाचा फोन आला की तब्येत बरी राहिली तर भाऊबीजेला येतो. मी दिवस मोजले. कार्ल्याला तुमचे जोडीदार काका अजून आहेत, डोळे अधू झालेत, पण फाट्यावरच्या टपरीशी रोज येऊन बसतात. मी त्यांना लाकूड दाखवायला गेले होते. त्यांनी फळी कानाशी धरून टिचकी मारली, बोटाने रेषा चाचपल्या आणि म्हणाले, "चांगलंय. कवा जोडतीस?"

"श्रावणात. गणपतीच्या सुट्टीत बंद करून टाकीन."

"पावसात जोड लावतीस व्हय गं? सुताराची पोर ना तू?"

"काका, दिवाळीला द्यायचीय."

"मग फुडल्या दिवाळीला दे. कोण पळून चाललंय?"

मी म्हणाले नाही की दादा पळून चाललाय. दुखण्याचे कुणाला सांगितलेले नव्हते. काकांनी फळी परत दिली. "तुजा बाप आसता तर फळी हातातनं काढून घेतली आसती," असे म्हणून हसले आणि चहा मागवला.

मोबाईलवर ज्याचे पाहून मी शिकत होते तो माणूस थंड देशातला. त्याच्या भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारा काटा होता आणि तो निम्म्याच्या खाली असल्याशिवाय तो गोंदाची बाटली उघडत नसे. तसा काटा आमच्या प्रयोगशाळेतही आहे. श्रावणात तो नव्वदच्या पुढे गेलेला मी रोज पाहत होते, वहीत लिहीतही होते. मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही. सायकलच्या दांडीवर ऐकलेले मला पाठ होते. तरी मी आतल्या काड्या श्रावणात चिकटवल्या आणि गणपतीत पेटी बंद केली. दसऱ्याला तारा चढवल्या. वाजली, आबा. जरा जाड, बसका आवाज, पण वाजली. मी ती आईच्या खोळीत घालून कपाटावर ठेवली आणि बोलायची वाक्ये ठरवू लागले. आधी गिटार देईन, मग रेघा दाखवीन, आणि मग म्हणेन, दादा, आईने सांगितले नव्हते.

धनत्रयोदशीला दुपारी मी चकल्या तळत होते. चार-पाच दिवस कोरडा वारा सुटला होता, ओठ फुटत होते. कपाटावर काडी मोडावी तसा आवाज झाला. एवढासाच. मला लगेच कळले आणि तरी मी घाणा पुरा होईपर्यंत उठले नाही. खोळ काढली तर पुढच्या फळीला भोकापासून खाली वीतभर फट, रेषेच्या बाजूने सरळ. फळी पावसात फुगलेली असताना मी तिला काड्यांनी बांधून टाकले होते. आता ती आक्रसायला निघाली आणि तिला जागा नव्हती. मी तारा सैल केल्या. गिटार फुटल्याचे वाईट वाटलेच, पण खरी भीती दुसरीच होती. फुटकी वस्तू हातात देऊन मी ते वाक्य कसे बोलणार होते?

दादा भाऊबीजेला आला. वाळला आहे. जिना चढून आल्यावर पाच मिनिटे दम खात बसला. ओवाळून झाल्यावर मी खोळ त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने खोळीवरून हात फिरवला, म्हणाला, "हे लुगडं आईचं." मग गिटार काढली. उलटीपालटी करून पाहिली, भोकातून आत पाहिले, फटीवरून नख फिरवले.

"कुणी केली?"

"मी."

"कधी जोडलीस?"

"श्रावणात."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला. "सुताराची पोर आणि पावसात जोड! आबांनी पाठीत लोखंडी गुण्या घातला असता." मग त्याने तारा पिळल्या, कान लावला आणि वाजवू लागला. बोटे अडखळत होती, फटीतून भुंग्यासारखा आवाज येत होता, तरी तो वाजवत राहिला. "आवाज तुझ्यासारखाच आहे," म्हणाला, "आतल्या आत." मी त्याला जुने तुकडे दाखवले. आकडे दाखवले, रेघा दाखवल्या. त्याला समजावून सांगावे लागले नाही, तोही त्याच घरातला. दोन तुकडे एकमेकांना लावून त्याने रेघ जुळवली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"म्हणजे म्हातारा परत जोडणार होता," तो म्हणाला. "आणि मी चाळीस वर्षं..." मग तुकडे खाली ठेवले. डोळे पुसले. मी तोंड उघडले, आबा, खरोखर उघडले. तेवढ्यात तो म्हणाला, "जाऊ दे. आता सगळंच जाऊ दे. आईलाही मी माफ केलं. तिनं सांगितलं नसतं तर काही झालं नसतं, पण तिचाही पोरासाठी जीव तुटतच असणार. केलं माफ."

आई समोरच्या भिंतीवर फोटोत होती. मी म्हणाले, "चहा टाकते."

आत गेले, पाणी ठेवले, साखर घातली. घातली हे लक्षात न राहून पुन्हा घातली. बाहेर तो वाजवत होता. तुम्ही सुटलात, आबा, त्या रेघांनी तुम्हाला सोडवले. मला बरे वाटले, खोटे सांगत नाही. पण आईने न केलेल्या गोष्टीची त्याने तिला माफी दिली, आणि मी ती तिच्या वतीने घेतली. ती माफी आता त्याच्याकडे जमा आहे आणि तो तिच्यावर सुखात आहे. इतका हलका मी त्याला लहानपणापासून पाहिला नव्हता. त्याच्या छातीत दुखते. मी सांगितले तर हे सगळे मोडेल, असे मी चहा गाळताना स्वतःला सांगितले. दादाच्या भल्यासाठी. रंध्याजवळ उभी राहून तुम्हाला सांगितले होते तेव्हाही मी सगळ्यांच्या भल्यासाठीच सांगते आहे असे मला वाटले होते.

संध्याकाळी मी म्हणाले की गिटार राहू दे, फट भरून देते. तो नको म्हणाला. "मीच भरतो. उन्हाळ्यात," आणि डोळा मिचकावला. स्टेशनवर ह्यांनी त्याला गाडीत बसवले. खोळ मांडीवर घेऊन खिडकीशी बसला होता, म्हणाले. पोचल्यावर त्याचा फोन आला, लोणावळ्यापेक्षा इथे बरी वाजते आहे म्हणून.

तो वापीला परतला त्याला आज अकरा दिवस झाले. गेले तीन दिवस शाळेतून आल्यावर मी कागद घेऊन बसते. फोनवर मला जमणार नाही, लिहिले तर जमेल, असे वाटले. पहिल्या कागदावर "प्रिय दादा" लिहिले आणि उठले. दुसऱ्यावर त्याच्या तब्येतीची चौकशी करून झाली, पथ्य लिहून झाले, पान भरले. तिसरा कोराच राहिला. आज चौथ्या कागदावर तुम्हाला लिहायला घेतले आणि हात एकदाही थांबला नाही. तुम्हाला सगळे आधीच माहीत आहे, आणि तुम्ही उलट काही विचारणार नाही. म्हणूनच तुम्हाला लिहिले. वापीचा पत्ता मला पिनकोडसकट पाठ आहे.